संध्याकाळच्या वर्गांनी उजळलेले ‘अंधारयुग’

१/
मे १९३९. इंग्लंडच्या पूर्वेकडील सफोक काउंटीत, सटन हू येथे, एका प्राचीन मातीच्या टेकाडात खोदकाम चालू होते. मदतनिसाच्या हाती गंजक्या लोखंडाचा एक तुकडा लागला. खोदकामाची जबाबदारी ज्याच्याकडे होती त्या ५१ वर्षांच्या गृहस्थाने तो पाहिला आणि तत्काळ काम थांबवले. जहाजाच्या फळ्या एकमेकींना जोडणारा तो रिव्हेट होता. पुढचे सारे काम त्याने फावडे दूर ठेवून लहान करणीने, हलक्या हाताने केले.

२/
या गृहस्थाचे नाव बॅसिल ब्राऊन. ‘द डिग’ हा २०२१ चा चित्रपट पाहिलेल्यांना ते परिचित असेल. जन्म १८८८ चा, घर शेतकऱ्याचे. वयाच्या बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो वडिलांच्या शेतावर राबू लागला. मात्र शिक्षण सुटले नाही. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन १९०२ मध्ये त्याने रेखांकनाचे प्रमाणपत्र मिळवले. १९०७ मध्ये टपालाने चालणाऱ्या अभ्यासक्रमातून खगोल, भूगोल आणि भूगर्भशास्त्र या विषयांच्या पदविका विशेष प्राविण्यासह संपादन केल्या. विद्यापीठात विद्यार्थी म्हणून तो कधीही गेला नाही.

३/
त्या टेकाडाखाली सुमारे २७ मीटर लांबीचे जहाज होते. लाकूड केव्हाच कुजून गेले होते. उरला होता तो वाळूवरचा ठसा आणि रिव्हेटांच्या रांगा. जहाजाच्या मध्यभागी इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या आरंभीचे राजवैभव निघाले: शिरस्त्राण, तलवार, भूमध्य प्रदेशातून आलेली चांदीची भांडी आणि फ्रँकांच्या राज्यातील ३७ सोन्याची नाणी. ज्या काळाला रानटी म्हणून हिणवले जात होते, त्याचा संबंध थेट बायझंटाईन जगापर्यंत पोहोचत होता.

४/
ब्राऊन हा अपवाद होता, असे मानण्याचा मोह होतो. या धाग्यात त्याच्या उलट बाजू मांडायची आहे. इंग्लंडच्या प्रारंभिक मध्ययुगाविषयी आज जे ठाऊक आहे, त्याचा मोठा भाग दिवसा नोकरी करून संध्याकाळी शिकणाऱ्या प्रौढ माणसांच्या हातांनी आणि डोळ्यांनी गोळा झालेला आहे. हा योगायोग नव्हता. त्या काळाच्या पुराव्याचे स्वरूपच असे आहे, की एकट्यादुकट्या पंडिताला तो पेलणारा नव्हता.

५/
प्रथम काळ समजून घेऊ. इसवी सन ४१० च्या सुमारास ब्रिटनवरील रोमन सत्ता संपली. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले. मधली साडेसहा शतके म्हणजे प्रारंभिक मध्ययुग. त्यातील पहिल्या दोन शतकांचे लेखी साधन अत्यंत तुटपुंजे आहे. बीड या मठवासी विद्वानाने आपला प्रसिद्ध इतिहास ७३१ मध्ये पूर्ण केला, म्हणजे सटन हूच्या दफनानंतर जवळजवळ शतकभराने. यामुळेच या कालखंडाला ‘अंधारयुग’ हे नाव चिकटले.

६/
मग जमिनीतील पुरावा? रोमन लोक दगड-विटांची घरे बांधत, रंगीत फरशा बसवत, ढिगांनी नाणी टाकून जात. त्यांच्यानंतर आलेल्या समाजाने लाकूड, माती आणि गवत यांची घरे बांधली. लाकूड कुजले की मागे राहतो तो केवळ खांबाचा खळगा: आजूबाजूच्या मातीहून किंचित गडद असा एक गोल डाग. ऊन वाढले, माती सुकली की तो डागही दिसेनासा होतो. असे पन्नास डाग नकाशावर अचूक मांडल्यावर कुठे एक घर उभे राहते.

७/
मडक्यांची गोष्ट अशीच. पाचव्या ते सातव्या शतकातील मडकी चाकाविना, हाताने घडवलेली आणि कमी आचेवर भाजलेली असत. नांगराच्या फाळाने आणि हिवाळ्यातील गोठणाऱ्या थंडीने त्यांचा भुगा होतो. त्यांची काळपट खापरी हजार वर्षे जुन्या लोहयुगीन खापरीसारखीच दिसते. पश्चिमेकडील कित्येक भागांत तर त्या काळी लोक मडकी जवळपास वापरतच नसत. नवख्या डोळ्याला तेथे काहीही दिसत नाही, आणि मग आपण म्हणतो, ‘येथे कोणी राहतच नव्हते.’

८/
म्हणजे पुरावा विरळ, विखुरलेला आणि ओळखण्यास कठीण. तो गोळा करायचा तर चार गोष्टी हव्यात: पुष्कळ माणसे, त्याच परिसरात वर्षानुवर्षे राहणारी माणसे, शेतमालकाशी ओळख असलेली माणसे आणि शिकवून तयार केलेली नजर. विद्यापीठातील प्राध्यापकाकडे चौथी गोष्ट असते, पहिल्या तीन नसतात. गावकऱ्यांकडे पहिल्या तीन असतात, चौथी नसते. या दोघांना एका खोलीत आणले ते प्रौढांच्या वर्गांनी.

९/
या वर्गांचा इतिहास जुना आहे. १८७३ मध्ये जेम्स स्टुअर्ट यांच्या पुढाकाराने केंब्रिज विद्यापीठाने आपली व्याख्याने विद्यापीठाबाहेर, नॉटिंगहॅम, डर्बी आणि लेस्टर या औद्योगिक शहरांत नेली. १८७८ मध्ये ऑक्सफर्डनेही तो मार्ग धरला. परंतु व्याख्यान ऐकणे आणि अभ्यास करणे यांत अंतर असते. शंभर माणसे टाळ्या वाजवून घरी जात. हातात पुस्तक घेऊन बसणारे थोडेच उरत.

१०/
ते अंतर मिटवले अल्बर्ट मॅन्सब्रिज या सहकारी संस्थेतील कारकुनाने. १९०३ मध्ये त्याने पत्नी फ्रान्सिस यांच्या साथीने कामगारांच्या उच्चशिक्षणासाठी एक संघटना स्थापन केली. तीच पुढे ‘वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशन’ म्हणून नावारूपाला आली. जानेवारी १९०८ मध्ये रॉचडेल आणि लाँगटन येथे इतिहासकार आर. एच. टॉनी यांनी तिचे पहिले शिकवणीवर्ग घेतले. नियम कडक होते: तीस जणांचा वर्ग, तीन वर्षांची बांधिलकी, एक तास व्याख्यान, एक तास चर्चा, आणि नियमित लेखी निबंध.

११/
हा चर्चेचा तास महत्त्वाचा. शिक्षकाला तेथे प्रश्न विचारले जात, आणि विचारणारा गिरणीत किंवा खाणीत काम करून आलेला असे. पुढे विद्यापीठांनी यासाठी स्वतंत्र विभाग उघडले. मराठीत आपण त्यांना बहिःशाल विभाग म्हणतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा विभागांत पुरातत्त्वाचे पूर्णवेळ शिक्षक नेमले गेले. हिवाळ्यात संध्याकाळी वर्ग, शनिवार-रविवारी शेतांतून फिरून पाहणी, उन्हाळ्यात उत्खनन असा वर्षाचा क्रम ठरून गेला.

१२/
याच वातावरणातून डब्ल्यू. जी. हॉस्किन्स पुढे आले. १९३१ मध्ये ते लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वाणिज्य शिकवण्यासाठी दाखल झाले. मन रमत होते ते संध्याकाळी, व्हॉन कॉलेजात. कामगारांसाठी १८६२ मध्ये एका धर्मगुरूने सुरू केलेली ही संस्था. तेथे हॉस्किन्स प्रौढांना पुरातत्त्व आणि स्थानिक इतिहास शिकवत. समोर बसलेल्या माणसांना आपल्या गावाची वाट, कुंपण, ओढा, चर्चची जागा यांविषयी विचारायचे असे. राजांच्या वंशावळीने त्यांचे समाधान होणार नव्हते.

१३/
या प्रश्नांचा मागोवा घेत हॉस्किन्स यांनी इंग्लंडचा भूप्रदेशच एखाद्या जुन्या दस्तऐवजासारखा वाचण्यास घेतला. १९४८ मध्ये लेस्टर येथे इंग्लिश स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि १९५५ मध्ये ‘द मेकिंग ऑफ द इंग्लिश लँडस्केप’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. शेताची वक्र कड, रस्त्याचे अकारण वळण, कुंपणातील झाडांच्या जाती या साऱ्याला इतिहासाच्या साधनांत स्थान मिळाले. हे पुस्तक हाती घेऊन एक संपूर्ण पिढी घराबाहेर पडली.

१४/
आणि त्या पिढीने गुरूचीच चूक दुरुस्त केली. चर्चभोवती घरे दाटलेले जे टुमदार इंग्लिश खेडे आपण चित्रांत पाहतो, ते पाचव्या-सहाव्या शतकांत आलेल्या अँग्लो-सॅक्सन वसाहतकारांनी वसवले, असे हॉस्किन्स आणि त्यांचे समकालीन मानत. हे तपासायचे कसे? उपाय साधा आणि कष्टाचा होता. पीक निघाल्यावर, नांगरट झाल्यावर शेतात ठरावीक अंतराने रांगेत उभे राहायचे, खाली नजर लावून सरळ रेषेत चालायचे आणि दिसेल ती खापरी उचलून, जागा नोंदवून पिशवीत टाकायची.

१५/
अशा पाहण्या विशेषतः १९७० नंतर मध्य इंग्लंडात मोठ्या प्रमाणावर झाल्या, आणि त्यांत स्थानिक अभ्यासमंडळांचा वाटा मोठा होता. थंडी, चिखल, वाकलेली मान आणि तासाभरात मूठभर खापऱ्या. त्या नकाशावर मांडल्यावर मात्र चित्र उलटले. सुरुवातीच्या शतकांतील सॅक्सन खापऱ्या आजच्या खेड्यांत नव्हे, तर मोकळ्या शेतांत, लहान लहान पुंजक्यांत विखुरलेल्या होत्या. लोक सुट्या वस्त्यांवर राहत होते. त्यांची दाट खेडी झाली ती बऱ्याच नंतर, ढोबळमानाने नवव्या ते बाराव्या शतकांदरम्यान.

१६/
हे परिवर्तन कसे घडले, याचा शोध घेणाऱ्यांत मिक ॲस्टन यांचे नाव अग्रभागी येते. १९७९ पासून ते ब्रिस्टल विद्यापीठाच्या बहिःशाल विभागात पुरातत्त्व शिकवत होते. १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘टाइम टीम’ या दूरचित्रवाणी मालिकेमुळे त्यांचा रंगीबेरंगी पट्ट्यांचा स्वेटर घराघरांत पोहोचला. त्यांचे गाभ्याचे काम मात्र सॉमरसेट काउंटीतील शॅपविक या गावी झाले. १९८९ ते १९९९ अशी दहा वर्षे त्यांनी ख्रिस जेरार्ड यांच्यासह, विद्यार्थी आणि स्वयंसेवकांना घेऊन, हे एकच गाव पिंजून काढले.

१७/
शॅपविक ही ग्लॅस्टनबरीच्या मठाची मिळकत. मठाच्या जुन्या जमीनदाखल्यांत शेतांची नावे होती, आणि त्यांतील काही नावांत वस्तीचा उल्लेख दडलेला होता. आपल्याकडे शिवारातील एखाद्या ओसाड तुकड्याला ‘पांढरी’ म्हणतात, आणि तेथे पूर्वी गावठाण होते हे जाणत्याला उमगते, तसाच हा प्रकार. ती शेते चालून पाहिली, गावातील परसांत लहान लहान चाचणी खड्डे घेतले. यांतून निष्कर्ष निघाला, की विखुरलेल्या वस्त्या मोडून दहाव्या शतकाच्या सुमारास गाव आखणी करून एकत्र बसवले गेले असावे.

१८/
दुसरे उदाहरण त्याच काउंटीतील कॅडबरी कॉंग्रेसबरी या डोंगरी किल्ल्याचे. येथे १९६८ ते १९७३ या काळात उत्खनन झाले. नेतृत्व करणाऱ्यांपैकी पीटर फाउलर हे ब्रिस्टलच्या बहिःशाल विभागातील होते. रोमन सत्ता गेल्यानंतरच्या थरांत पूर्व भूमध्य प्रदेशातून आलेल्या कुंभांचे तुकडे मिळाले. ब्रिटनचा पश्चिम भाग रोमनांनंतर जगापासून तुटला, या समजुतीला त्यांनी छेद दिला. नेतृत्वातील दुसरे नाव फिलिप राट्झ. त्यांनी पदवीचे शिक्षण घेतलेच नव्हते, तरी १९७८ मध्ये ते यॉर्क विद्यापीठाचे पुरातत्त्वाचे पहिले प्राध्यापक झाले.

१९/
तिसरे उदाहरण एसेक्स काउंटीतील मकिंगचे. थेम्स नदीकाठी वाळू-खडीच्या खाणीने जमीन गिळत आणली होती. मार्गारेट आणि टॉम जोन्स या दांपत्याने १९६५ ते १९७८ अशी तेरा वर्षे, खाणयंत्रांच्या पुढे धावत, तेथे उत्खनन केले. हाताखाली स्वयंसेवकांची रीघ होती. जमिनीत अर्धवट खोदून बांधलेल्या २०० हून अधिक सॅक्सन झोपड्या आणि दोन दफनभूमी त्यांनी नोंदवल्या. ते सारे खाणीत नाहीसे झाले. आज उरली आहे ती त्यांची नोंद.

२०/
येथे एक रास्त आक्षेप आहे. हौशी माणसाच्या हाती फावडे देणे धोक्याचे नाही का? अवश्य आहे. उत्खनन म्हणजे पुराव्याचा नाशच असतो. एकदा काढलेला थर परत बसवता येत नाही. हौशी उत्साहाने फोडलेल्या टेकाडांची युरोपात मोजदाद नाही. म्हणूनच वर्गाचे महत्त्व. खजिना शोधणारा आणि अभ्यासक यांच्यातील फरक पदवीने ठरत नाही. तो ठरतो नोंदवहीने: वस्तू कोठे मिळाली, किती खोलीवर, कोणत्या मातीत, कशाच्या शेजारी. हे लिहिण्याची शिस्त शिकवावी लागते.

२१/
ब्राऊनकडे ती शिस्त होती. जुलै १९३९ मध्ये केंब्रिजच्या चार्ल्स फिलिप्स यांच्याकडे सटन हूची सूत्रे गेली. शवकक्षातील मौल्यवान वस्तू त्यांच्या चमूने काढल्या, आणि पुढे कित्येक वर्षे या शोधाच्या कथनात ब्राऊनचे नाव मागेच राहिले. तरीही ठशाला धक्का न लावता जहाजाचा आकार उघडा केला तो ब्राऊननेच. त्याने पहिल्याच दिवशी घाई केली असती, तर फिलिप्स यांना उघडण्यासारखे काही उरले नसते.

२२/
आता खेदाची बाजू. २००७ मध्ये ब्रिटिश शासनाने ठरवले, की ज्याच्याकडे समकक्ष वा वरची पदवी आधीच आहे, त्याच्या इंग्लंडमधील नव्या शिक्षणासाठी विद्यापीठाला अनुदान मिळणार नाही. कागदावर हे न्याय्य दिसते. परंतु संध्याकाळी पुरातत्त्व शिकणाऱ्यांत निवृत्त अभियंते, परिचारिका, शिक्षक असतात. त्यांच्याकडे एखादी पदवी असतेच. आधीच अडचणीत असलेले कित्येक बहिःशाल विभाग यानंतर आकसले किंवा बंद पडले. लेस्टरचे व्हॉन कॉलेज १९६२ पासून रोमन स्नानगृहाच्या अवशेषांलगतच्या इमारतीत होते. ती इमारत विद्यापीठाने २०१३ मध्ये सोडली.

२३/
ऑक्सफर्डचे र्‍यूली हाउस आणि केंब्रिजचे मॅडिंग्ली हॉल येथे प्रौढांचे अभ्यासक्रम अद्याप चालतात. ऑनलाइन अभ्यासक्रमही आहेत, आणि ते कोठूनही करता येतात. त्यांचे मोल कमी नाही. पण पडद्यावर सॅक्सन खापरी ओळखायला शिकणे वेगळे आणि चिखलातून ती उचलून शेजारच्याला दाखवणे वेगळे. वर्ग बंद पडला की एका विषयाची शिकवणी थांबते, आणि त्याचबरोबर त्या पंचक्रोशीवर लक्ष ठेवणारे तीस डोळस लोकही तयार होणे थांबते.

२४/
आपला याच्याशी काय संबंध? महाराष्ट्राचे प्रारंभिक मध्ययुग, विशेषतः शिलाहारांचे कोकण, हेही विखुरलेल्या पुराव्याचे जग आहे. काही ताम्रपट, थोडे शिलालेख, मोजकी मंदिरे. बाकी सारे गावोगावच्या बांधांवर. गद्धेगळ घ्या. वर सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा लेख, खाली गाढव आणि स्त्री यांचे शिल्प: दान मोडणाऱ्यास दिलेली शिवी-शापवाणी. असे दगड आजही पाराखाली, शेताच्या कडेला, रस्तारुंदीच्या वाटेत उभे असतात. कोठे शेंदूर फासून त्यांचा देव होतो, कोठे धुणे आपटण्याचा दगड.

२५/
मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाने पुरातत्त्वाचे अभ्यासक्रम चालवले, आणि साष्टी बेटावर, म्हणजे आजच्या मुंबई उपनगरांत व ठाण्यात, झालेल्या पुरातत्त्वीय पाहणीत नोकरीधंदा सांभाळून शिकणाऱ्यांचाही सहभाग होता. इमारतींच्या जंगलात, मंदिरांच्या आवारात, जुन्या गावठाणांत अशा माणसांनी वीरगळ, गद्धेगळ आणि भग्न शिल्पे नोंदवली. शॅपविकच्या शेतांत जे घडले, त्याच्याच जातकुळीचे हे काम आहे.

२६/
तेव्हा, मित्रहो, आपल्या गावी असा दगड दिसला तर तो हलवू नका, घासू नका, रंगवू नका. चारही बाजूंनी छायाचित्रे घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा, जागेची खूण, दगड कोणत्या दिशेला तोंड करून आहे आणि लोक त्याला काय म्हणतात हे तारखेसह लिहून ठेवा. मग जवळच्या संग्रहालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. परवान्याशिवाय खोदकाम मात्र कदापि नको. आणि संध्याकाळचा एखादा वर्ग जवळपास भरत असेल, तर नाव नोंदवा. बॅसिल ब्राऊनची सुरुवातही अशाच एका वर्गातून झाली होती.

धागा समाप्त.